आधी डबे परत मागवा!

वरुड-मोर्शीला ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणण्याची आमच्या पुढाऱ्यांना भारी हौस. संत्र्याच्या प्रत्येक परिषदेत आणि प्रत्येक भूमिपूजनात हे बिरूद मिरवले जाते. टाळ्या पडतात, नारळ फुटतो, कोनशिला बसते आणि पाहुण्यांच्या गाड्या नागपूरच्या रस्त्याला लागतात. ठीक आहे. कॅलिफोर्नियाच व्हायचे आहे ना तुम्हाला? मग खऱ्या कॅलिफोर्नियाच्या बाटलीबंद फळाने माणसे मारली तेव्हा त्या राज्याने काय केले, तेही एकदा कान देऊन ऐका. बिरूद तेवढे उचलायचे आणि त्यासोबतचे ओझे बांधावर टाकून द्यायचे, हे यापुढे चालणार नाही.

ऑगस्ट १९१९. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या कँटन गावी एक मेजवानी झाली. ताटात कॅलिफोर्नियाहून आलेले काळे, पिकलेले ऑलिव्ह होते. त्या एका मेजवानीने सात माणसांचा बळी घेतला. पाठोपाठ डेट्रॉइटहून बातमी आली, मग आणखी ठिकाणांहून. मारेकरी एकच: ‘क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम’ नावाचा जंतू. ऑलिव्हचा कडूपणा जावा म्हणून फळ कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ठेवतात. त्यात त्याची अंगची आम्लता जाते. त्यानंतर त्याला जेवढी आच द्यायला हवी होती तेवढी दिली गेली नाही. अर्धवट तापवलेल्या बंद बरणीत त्या जंतूचे बीजाणू जिवंत राहिले, हवा नसलेल्या जागेत वाढले आणि विष सोडत बसले. खाणाऱ्याच्या पापण्या मिटू लागतात, एकाच्या जागी दोन दिसू लागतात, जीभ जड होते, घास उतरत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. शुद्ध मात्र बहुधा अखेरपर्यंत शाबूत असते. माणूस आपले मरण उघड्या डोळ्यांनी पाहतो, फक्त डोळे उघडता येत नाहीत.

यानंतर कॅलिफोर्नियाने चौकशी समितीवर उपसमिती नेमली नाही. १९२० साली तिथल्या आरोग्य मंडळाने ऑलिव्हसाठी हुकूम काढला: २४० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ११५ अंश सेल्सिअस, आणि पुरी ४० मिनिटे. एक मिनिट कमी चालणार नाही. डबाबंद मालाच्या धंद्यातल्या लोकांनी स्वतःच्या खिशातून पैसे काढून विद्यापीठांना संशोधनाला लावले. १९२५ साली डबाबंदी कारखान्यांच्या तपासणीचा कायदा झाला आणि त्या तपासणीचा खर्चही कारखानदारांच्याच माथी बसला. त्या राज्याचा फळधंदा पुढे जगभर गेला तो या शिस्तीच्या जोरावर. एकटे ऊन आणि एकटे पाणी कोणाला कॅलिफोर्निया करत नसते.

आता आमच्या कॅलिफोर्नियात या. अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या कोणत्याही पेठेत, लग्नसराईत, खालच्या फळीवर डबा असतो. अननसाच्या चकत्या, पाकातले मिश्र फळ, आंब्याचा रस. झाकण मधोमध किंचित वर आलेले. अंगठ्याने दाबले की टक्‌ करून आत जाते, अंगठा काढला की पुन्हा वर. कडेच्या जोडावर तांबेरा. मुदतीच्या तारखेवर नेमकी किमतीची चिठ्ठी चिकटलेली. गिऱ्हाइकाने विचारलेच तर उत्तर तयार: “काही होत नाही जी, उन्हानं फुगला.” वर दहा रुपये सूट. आणि गिऱ्हाईक तो डबा घेऊन जाते, कारण घरी पाहुणे बसलेले असतात. केटररची तर बातच निराळी. ३.१ किलोचा आमरसाचा डबा फुटतो, पातेल्यात पडतो, दुधासाखरेत मिसळतो. पाचशे पानांच्या पंगतीत कोणी डबा पाहतो का?

उन्हाने डबा फुगत नाही, असे आम्ही म्हणत नाही. आम्ल आणि पत्रा यांची क्रिया होऊन हायड्रोजन तयार झाला तरी डबा फुगतो. पण तो कशाने फुगला हे दुकानदाराला कळत नाही, गिऱ्हाइकाला कळत नाही आणि जिभेलाही कळत नाही. उलट बोट्युलिनमचे विष असलेला डबा कधीकधी अगदी सपाट, गोमटा, वास नसलेला असतो. म्हणून ही गोष्ट डोळ्यांवर आणि नाकावर सोडायचीच नसते. ती सोडायची असते कारखान्यातल्या नोंदवहीवर.

आणि इथेच आमच्या प्रक्रियावाल्यांचे अज्ञान उघडे पडते. ‘फळ आंबट असते, त्याला काय होते?’ हा या धंद्यातला सर्वांत लाडका आणि सर्वांत घातक समज आहे. शास्त्र सांगते, आम्लतेचा आकडा म्हणजे पीएच ४.६ च्या खाली असेल तर बोट्युलिनम डोके वर काढू शकत नाही आणि असे फळ उकळत्या पाण्याच्या आचेवर सुरक्षित होते. आकडा ४.६ च्या वर गेला की १०० अंश फुकट जातात. मग दाबाखालचे रिटॉर्ट हवे आणि त्यात १२१ अंशांची आच, तीही डब्याच्या बाजूला नव्हे, मधल्या सर्वांत थंड बिंदूला लागलेली. संत्रे त्या सीमेच्या बरेच आत आहे, हे आमचे नशीब. पण पूर्ण पिकलेला आंबा? पपई? अंजीर? अंजनगाव सुर्जीकडचे केळे? ही सगळी सीमेवरची नाही तर सीमेपलीकडची मंडळी. त्यांना सायट्रिक आम्ल मोजून घालावे लागते. ‘अंदाजे दोन चमचे’ घालून भागत नाही, पीएच मीटर लागतो, तो मीटर दर दिवशी तपासलेला लागतो. शिवाय आंबट फळातही बुरशी राहिली तर ती बुरशी आम्ल खाऊन टाकते, आकडा हळूहळू वर सरकतो आणि झोपलेल्या जंतूला दार उघडते. संत्र्याच्या फोडींची साल काढायलाही तोच कॉस्टिक सोडा वापरतात. तो नीट धुतला गेला नाही तर काय होईल, हे कँटनच्या मेजवानीने शंभर वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे.

आणखी एक बारीक गोष्ट, जी कोणत्याही पुढाऱ्याच्या भाषणात येणार नाही. तापलेला डबा थंड पाण्यात टाकला की आत पोकळी तयार होते आणि जोडात केसाएवढी फट असेल तर डबा ते पाणी आत ओढून घेतो. म्हणून थंड करायचे पाणीसुद्धा क्लोरीन घातलेले हवे. तासभर नीट शिजवलेला माल शेवटच्या पाच मिनिटांत बोअरच्या गढूळ पाण्याने नासू शकतो. हे ज्याला ठाऊक नाही त्याने डबे भरू नयेत. ज्याला ठाऊक असून वीज आणि क्लोरीन वाचवायचे आहे, त्याने तुरुंगाची तयारी ठेवावी.

पण तुरुंग कुठला? अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा. त्यातल्या कलम ५९ प्रमाणे असुरक्षित अन्न विकले आणि कोणाला इजा झाली नाही, तर आधी सहा महिन्यांपर्यंत कैद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती तीन महिन्यांवर आणली आणि दंडाची मर्यादा एक लाखाची तीन लाख केली. म्हणजे कैद निम्मी, दंड तिप्पट. जनतेचा विश्वास जनतेच्या पोटावरून वसूल करण्याची ही तऱ्हा आम्हाला पसंत नाही. पैसेवाल्याला तीन लाख हा धंद्याचा खर्च असतो. घाम फुटतो तो कोठडीच्या नावाने.

बरे, कायदा अगदीच दुबळा आहे असेही नाही. कलम २८ सांगते की आपला माल असुरक्षित आहे असे वाटले तर उत्पादकाने तो ताबडतोब बाजारातून परत मागवावा. २०१७ साली परत मागवण्याचे स्वतंत्र विनियम झाले. परत मागवण्याची योजना आधीच लिहून ठेवा, काम सुरू होताच २४ तासांत अन्न प्राधिकरणाला कळवा, माल कुठे कुठे गेला त्याच्या नोंदी सांभाळा, लोकांना जाहीर सांगा. सगळे कागदावर लखलखीत आहे. आता अमरावती-अकोल्याच्या वाचकांनी आठवून सांगावे: ‘अमुक कारखान्याचा तमुक बॅचचा डबा खाऊ नका, दुकानात परत आणून द्या’ अशी सूचना आपल्या चौकात, आपल्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, आपल्या वर्तमानपत्रात शेवटची कधी वाचली? कोणाला आठवत असेल तर कळवावे, आम्ही तिची चौकट करून छापू.

इथले उत्पादक इतके निर्दोष आहेत, असा याचा अर्थ घ्यायचा का? होते का बाप्पा! जगात जिथे जिथे तपासणी कडक, तिथे तिथे माल परत मागवला जातो, आणि तो देश त्यामुळे बदनाम होत नाही. २०२३ साली अमेरिकेत लहान मुलांच्या सफरचंदाच्या पिशव्यांमधल्या दालचिनीत शिसे सापडले. माल परत मागवला गेला, पण तेवढ्यावर तिथले अन्न प्रशासन झोपले नाही. परत मागवलेल्या पिशव्या ज्या दुकानसाखळीच्या फळीवर तशाच सापडल्या, तिला पुढच्या वर्षी जाहीर इशारापत्र गेले. हुकूम काढला म्हणजे काम झाले असे मानायचे नसते, फळी जाऊन पाहायची असते. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने एमडीएच आणि एव्हरेस्टच्या काही मसाल्यांवर इथिलीन ऑक्साइडच्या कारणाने बोट ठेवले आणि माल फळीवरून उतरवायला लावला. आपल्याकडच्या तपासणीत मागाहून तसे काही आढळले नाही, असे सांगण्यात आले. असेल तसे. पण हाँगकाँगच्या गृहिणीला दुसऱ्या दिवशी कळते आणि अकोल्याच्या ताजनापेठेतल्या गृहिणीला परदेशची बातमी म्हणून कळते, याची लाज कोणाला वाटावी?

एकदा मात्र या देशाने माल परत मागवलेला पाहिला. ५ जून २०१५ ला मॅगी बाजारातून काढण्याचा आदेश निघाला आणि पस्तीस हजार टनांहून अधिक नूडल्स भट्टीत गेल्या. पुढे १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. का? नमुने ज्या प्रयोगशाळांत तपासले त्या कायद्याप्रमाणे मान्यताप्राप्त नव्हत्या आणि कंपनीला बाजू मांडायची संधी मिळाली नव्हती. मॅगीत शिसे किती होते हा वाद बाजूला ठेवा. प्रयोगशाळाच लंगडी असेल तर गुन्हेगार सुटतो आणि निरपराधाचाही माल जळतो, दोन्ही बाजूंनी अन्याय. दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, महालेखापरीक्षकांनी लिहून ठेवले की राज्यांच्या ७२ अन्न प्रयोगशाळांपैकी ६५ ना राष्ट्रीय मान्यता नाही. मुडद्याची नाडी मोजणाऱ्या वैद्याकडून आपण रोगनिदान मागत होतो.

कायदा म्हणतो, अन्न विश्लेषकाने नमुना मिळाल्यापासून १४ दिवसांत अहवाल द्यावा. दिवाळीच्या तोंडावर खव्याचे आणि तेलाचे नमुने घेतल्याचे फोटो दरवर्षी सगळ्यांकडे येतात, आम्हीही ते छापतो. त्या नमुन्यांचे पुढे काय झाले, कोणता बॅच नापास झाला, तो कोणी खाल्ला, उरलेला कुठे गेला, याचा फोटो कधी येत नाही. तपासणीचा सोहळा होतो आणि निकाल फायलीत बसतो. अहवाल येईस्तोवर करंज्या पचलेल्या असतात. वरातीमागून घोडे म्हणावे तर इथे वरात परत आली, नवरा-नवरी नांदायला लागली, तरी घोडे तबेल्यातच. आणि ज्या खात्याला २०१२ पासून बंदी असलेला गुटखा पानटपरीवरून हटवता आला नाही, ते खाते फळीवरचा एक फुगीर डबा शोधून काढील, यावर आमचा विश्वास बसावा तरी कसा?

या खात्याचे पूर्ण नाव अन्न व औषध प्रशासन आहे. म्हणून औषधाचा एक ताजा घाव इथे दाखवलाच पाहिजे, कारण तो आमच्या उंबऱ्यावरचा आहे. वरुडच्या पलीकडे पांढुर्णा, पांढुर्ण्याच्या पलीकडे छिंदवाडा. २०२५ च्या सप्टेंबरात छिंदवाड्याच्या परासिया भागातली चिमुकली पोरे खोकल्याचे औषध पिऊन मूत्रपिंडे निकामी होऊन मरू लागली. कित्येकांना नागपूरच्या दवाखान्यांत आणले गेले. वीसहून अधिक लेकरे गेली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तामिळनाडूच्या प्रयोगशाळेने त्या ‘कोल्ड्रिफ’मध्ये ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल असल्याचे सांगितले आणि मग एसआर-१३ हा बॅच क्रमांक देशभर झाला. ५ ऑक्टोबरला आपल्या राज्याच्या प्रशासनानेही ‘हा बॅच वापरू नका’ असे बजावले. म्हणजे क्रमांक हाती आल्यावर यंत्रणा दोन-चार दिवसांत हलू शकते! मग आधीचा महिना कुठे गेला? हेच विष १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून गेले होते, १४ रुग्ण दगावले होते आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने याच प्रशासनाची लक्तरे वेशीवर टांगली होती. चाळीस वर्षे होत आली. धडा शिकायला आणखी किती पाळणे रिकामे व्हायला हवेत?

बोट्युलिनमचे तर आणखी अवघड. १९९६ मध्ये गुजरातेतल्या एका निवासी शाळेत शेवेसारख्या साध्या पदार्थातून त्याच्याच जातीच्या विषाने मुले आजारी पडली, काही दगावली. ते ओळखले गेले म्हणून नोंदले गेले. मेळघाटातल्या एखाद्या पाड्यावर कोणी पापण्या मिटून, श्वास कोंडून मेला तर अमरावतीच्या इर्विन रुग्णालयापर्यंत किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयापर्यंत तो पोहोचेल का, आणि पोहोचला तरी डॉक्टर ‘काल काय खाल्ले, डबा आहे का’ हे विचारतील का? सर्पदंश, लकवा, बाहेरची बाधा, काहीही नाव लागेल. ज्या मरणाला नाव नाही, त्याचा बॅच क्रमांक कोण शोधणार?

आता आमच्यावर आरोप होईल की संत्रा उत्पादक आधीच मेला आहे, बांगलादेशच्या आयात शुल्काने त्याचे कंबरडे मोडले आहे, चुरी संत्रे रस्त्यावर ओतायची वेळ आली आहे आणि तुम्ही प्रक्रिया उद्योगाची भीती घालता. काहून बोंबा मारता, असे विचारले जाईल. उत्तर ऐका. संत्रा वाचवायचा तर प्रक्रिया हवीच, यात आमचे दुमत नाही. नागपुरी संत्र्याचा रस ठेवला की लिमोनिनमुळे कडू होतो, बिया फार असतात, यामुळे आधीच ही वाट चढणीची आहे. म्हणूनच तर पहिल्या चुकीची किंमत भयंकर आहे. एका कारखान्याच्या एका बॅचने एक पंगत आजारी पडली, तर दिल्लीचा व्यापारी कारखान्याचे नाव लक्षात ठेवणार नाही. तो ‘वऱ्हाडचा माल’ एवढेच लक्षात ठेवील. चुकीचा डबा लपवणारा कारखानदार आपल्या बॉयलरसोबत चांदूर बाजारच्या त्या शेतकऱ्याचाही बहार जाळतो, ज्याने त्या कारखान्याची पायरीसुद्धा पाहिलेली नाही.

आणि सरकार काय करते? २०२० पासून सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत अनुदान देते. अमरावतीचे संत्रे त्या योजनेत ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ म्हणून मिरवते. बचत गटाच्या बायांना यंत्र मिळते, फोटो निघतो. पण पीएच मीटर, तापमानाची नोंद ठेवणारे यंत्र आणि ते वाचायला शिकवणारा माणूस यांची अट त्या अनुदानाला ठळक अक्षरांत का नाही? अकोल्यात १९६९ पासून पंजाबराव देशमुखांच्या नावाचे कृषी विद्यापीठ उभे आहे. नागपुरात केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. कॅलिफोर्नियाने आपल्या विद्यापीठांना जुंपले. आपण आपल्या विद्यापीठांना कृषी प्रदर्शनात स्टॉल देतो. कोणत्या फळाच्या कोणत्या डब्याला किती अंश, किती मिनिटे, याचे लेखी प्रमाणपत्र अकोल्याने द्यावे आणि त्यावाचून एकही डबा सीलबंद होऊ नये. अन्न व औषध प्रशासनाच्या सहायक आयुक्तांच्या कचेरीने नापास ठरलेल्या प्रत्येक बॅचचा क्रमांक मराठीत, दोन दिवसांच्या आत, फळ्यावर लावावा, तहसीलला पाठवावा, आठवडी बाजारात दवंडी द्यावी. माल परत मागवण्याचा हुकूम निघाल्यावर तिसऱ्या दिवशी निरीक्षकाने परतवाडा आणि धारणीच्या दुकानांत स्वतः जाऊन फळी पाहावी. धारणीला जायला रस्ता आहे, साहेब. चिखलदऱ्याला पाहुणे नेता, तोच.

दुकानदारांनाही सांगणे आहे. मुदत संपलेला, फुगलेला, जोड गंजलेला डबा सवलतीत विकणे हा गुन्हा आहे, आणि तो खेड्यातल्या छोट्या दुकानात खपवणे हा नुसता गुन्हा नव्हे, नीचपणा आहे. मुदतबाह्य आणि परत आलेल्या मालाचा हिशेब दर तीन महिन्यांनी द्या, असे डिसेंबर २०२४ मध्ये अन्न प्राधिकरणाने उत्पादकांना बजावले आहे. तो माल नेमका जातो कुठे, हे ठोक बाजारातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्याला ठाऊक नाही त्याने ठाऊक नसल्याचे सोंग तरी आणू नये.

आणि वाचकहो, तुम्हीही हात झटकू नका. कलम ४० ने प्रत्येक खरेदीदाराला विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क दिला आहे, आणि पदार्थ नापास ठरला तर ते शुल्क परत मिळते. संशयाचा डबा उघडू नका, चाखून तर मुळीच पाहू नका. पावती आणि डबा घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या कचेरीत जा, पोच मागा, पोच दिली नाही तर आमच्याकडे या.

या दैनिकाची बाजू आम्ही आजच लिहून देतो. अमरावती किंवा अकोला जिल्ह्यातला जो उत्पादक आपला सदोष माल स्वतःहून परत मागवील, त्याची सूचना आम्ही पहिल्या पानावर, बॅच क्रमांकासह, एक पैसा न घेता छापू. प्रशासनाने कळवलेला प्रत्येक नापास बॅचही तसाच छापू, मग तो आमच्या जाहिरातदाराचा असला तरी. आणि जो लपवील आणि पुराव्यानिशी सापडेल, त्याचे नाव त्याच पानावर, त्याच जागी, त्याच टायपात येईल. आंबिया बहाराची संत्री तोडायला आता फार दिवस राहिलेले नाहीत. सहायक आयुक्त कचेरीचा पहिला फळा कधी लागतो, त्याची तारीख आम्हाला हवी आहे.